सोमलाचा उतारा आणि लोहाचा साका

सोमलाच्या विषावर लोह-हायड्रॉक्साइडचा साका हा उतारा गटिंगेन येथील रॉबर्ट बुन्सेन व वैद्यकज्ञ बेर्टोल्ड यांनी १८३४ मध्ये सुचविला. (कोंबड्यांवरील १८४९ च्या प्रयोगांमुळे अंतःस्रावशास्त्रात स्मरला जातो तोच हा बेर्टोल्ड.) साका ताजा व ओला हवा, वाळविल्यास त्याचा गुण उणावतो. या अटीतच पृष्ठाचे महत्त्व दडलेले होते. पण बुन्सेनने कार्यकारण लावले ते अविद्राव्य संयुगाचे. विल्हेल्म बिल्ट्झ याने १९०४ मध्ये त्यास हरकत घेतली. साक्याने धरलेल्या आर्सेनिकाचे प्रमाण ठराविक नसते, द्रावणाच्या संहतीनुसार ते बदलते. अर्थात हे संयुग नव्हे, अधिशोषण होय. युक्तिवाद सबळ खरा. तथापि अधिशोषणात रासायनिक बंध नसतोच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. १९९० नंतरच्या दशकात क्ष-किरण-शोषणाच्या वर्णपटांवरून असे दिसले की, आर्सेनेट हा पृष्ठावरील दोन लोह-अणूंशी ऑक्सिजनद्वारा जखडलेला असतो. बंधापुरता बुन्सेन बरोबर ठरला, प्रमाणापुरता बिल्ट्झ. मात्र हा बंध पृष्ठ असेतोवरच टिकतो, आणि याचा दारुण प्रत्यय बंगालच्या त्रिभुज प्रदेशात आला. तेथील गाळात सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने फेरिक ऑक्साइडचे क्षपण होऊन ते विरघळते, आणि त्यावर जखडलेले आर्सेनिक कूपनलिकांच्या पाण्यात उतरते.