बार : कुलाबा किनाऱ्यावरील दारू आणि गोळी यांच्या प्रमाणाचा शब्देतिहास

मराठी बखरींत व पत्रव्यवहारांत ‘दारूगोळा’ हा शब्द इतक्या वेळा येतो की, वाचकास तो एकाच वस्तूचा वाचक वाटू लागतो. वस्तुतः त्यात दोन भिन्न द्रव्ये व त्यांचे परस्परप्रमाण ठरविण्याचे एक कौशल्य सामावले आहे. किती दारू, कोणत्या जातीची व किती वजनाच्या गोळीस, हा निर्णय चुकला तर एक तर गोळी शत्रूपर्यंत पोचत नसे, नाही तर नळी फुटून चालविणाऱ्याचाच हात जाई. चौल, रेवदंडा, कुलाबा, खांदेरी, उंदेरी व जंजिरा ही ठाणी ज्या किनाऱ्यावर आहेत, त्या किनाऱ्याच्या इतिहासात हे कौशल्य अत्यंत महत्त्वाचे होते. त्याच्या खुणा मुख्यतः भाषेत उरल्या आहेत. (पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर १ जानेवारी १९८१ रोजी झाले.)

प्रथम ‘दारू’ हा शब्द घ्यावा. फारसीत त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. चिनी भाषेतही या द्रव्याचे नाव ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचे आहे. मद्य व स्फोटक चूर्ण हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दास लाभले, याचे मूळ या औषधवाचक अर्थात आहे. औषध म्हटले की मात्रा आली, आणि ही मात्रेची कल्पना बंदुकीच्या दारूस यथार्थपणे लागू पडते. ‘बंदूक’ हा शब्द तर मुळात नळीचा वाचकच नव्हे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक प्रकारचे कठीण कवचाचे फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे शस्त्र असा अर्थविस्तार झाला. म्हणजे शस्त्राचे नामकरण गोळीवरून झाले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण बार ठरविण्याचा क्रमही तोच असे : आधी गोळी, मग दारू.

गोळी शिशाची असे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे साध्या चुलीवर, लहानशा साच्यात गोळ्या ओतणे कोणासही शक्य होते. ओतलेल्या गोळीचा व्यास नळीच्या पोकळीहून किंचित् कमी ठेवावा लागे. उरलेली फट चिंधीने वा कागदाने भरली जाई. इंग्रजी पद्धतीत नळीचे माप एका पौंड शिशातून त्या पोकळीच्या किती गोळ्या निघतात, यावरून सांगत. आजही प्रचारात असलेला ‘बारा बोअर’ हा शब्द त्याचाच अवशेष होय : बारा गोळ्यांचा एक पौंड, म्हणजे प्रत्येक गोळी सुमारे ३७.८ ग्रॅम वजनाची व साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास अठरा-साडेअठरावरून पावणेपंधरा मिलिमीटरपर्यंत उतरला की वजन निम्मे होते. म्हणून नुसत्या नजरेने ‘थोडी लहान गोळी’ पाहून पहिलीच दारू भरणारा मनुष्य मोठी चूक करीत असे.

दारूचा विचार याहून सूक्ष्म आहे. सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण पिठासारखे ठेवले तर ते अनियमित जळते. दाणेदार केले तर दाण्यांमधील फटींतून ज्वाला सर्वत्र समान पसरते. मोठा दाणा सावकाश जळतो, बारीक दाणा झटकन. तोफेस मोठ्या दाण्याची, लांब नळीच्या बंदुकीस मध्यम व आखूड नळीच्या पिस्तुलास बारीक दाण्याची दारू योग्य ठरली, याचे कारण हेच. पिस्तुलाच्या वीतभर नळीत जाड दाण्यास पुरते जळण्यास अवसर मिळत नाही. अर्धवट जळालेली दारू तोंडातून ज्वाळेच्या रूपाने वाया जाते. उलट बारीक दारू बंदुकीच्या मात्रेने पिस्तुलात घातली, तर धक्का असह्य होतो, मऊ शिशाची गोळी विद्रूप होते व नळीस भलताच ताण पडतो. सर्वांत बारीक दारू कानाशी ओतण्याची. तिला ‘रंजक’ हे स्वतंत्र नाव होते. एकाच दारूखान्यात अनेक जाती असत, हे या शब्दभेदावरून दिसते.

‘बार’ हा शब्द या सर्व क्रियेचा केंद्रबिंदू होय. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. मराठीत तो नळीत भरलेल्या मात्रेस, ती उडण्याच्या क्रियेस आणि तिच्या आवाजासही लावला जातो : बार भरणे, बार काढणे, बार उडणे. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार ओलसर, अपुऱ्या वा सैल ठासलेल्या दारूच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. या उलट ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’पासून आला. तो येताना मोजून बांधलेल्या बाराची कल्पना घेऊन आला. मात्रा ठरविण्याचे काम रणांगणावरून उठून कारखान्यात गेले, ही गोष्ट या शब्दाच्या आगमनाने सूचित होते.

किनाऱ्यावर या शास्त्राची मुख्य अडचण हवा ही होती. सोऱ्यात मिठाचा अंश राहिला की तो ओलावा शोषतो. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात अशी दारू निर्जीव होते. मात्रा बरोबर मोजली, तरी दारू सर्दलेली असेल तर ते मोजणे व्यर्थ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जे नियम आहेत, ते याच अनुभवातून आलेले दिसतात. दारूखाना घरांपासून दूर असावा, तळघरात गच करून माच घालावा, त्यावर दारूची मडकी ठेवावी, ओलावा लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून उष्णता द्यावी व पुन्हा मुद्रा करावी, असे तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात टोपीकरांच्या सामर्थ्याचा उगम आरमार, बंदूक व दारूगोळा यांत पाहिला आहे. १७२१ साली कुलाब्यावर इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी अयशस्वी झाली, तिचा विचार करताना तटबंदीइतकेच कोठारातील कोरड्या दारूचेही मोल ध्यानी घेतले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शुक्रनीतीत सोरा पाच पल व गंधक आणि कोळसा प्रत्येकी एक पल असे ‘अग्निचूर्णा’चे प्रमाण दिले असून लहान नळीसाठी शिशाची गोळी सांगितली आहे. यावरून गुस्ताफ ओपर्ट यांनी १८८० मध्ये प्राचीन भारतात बंदुका होत्या असे प्रतिपादिले. परंतु लल्लनजी गोपाल यांनी १९६२ मध्ये हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील असल्याचे साधार दाखविले. शब्दांची साक्षही त्यांच्याच बाजूची आहे. दारू, बारूद, बंदूक, तोफ, तमंचा, काडतूस हे व्यवहारातील शब्द फारसी, अरबी, तुर्की वा पोर्तुगीज आहेत. ही विद्या प्राचीन काळापासून अखंड चालत आली असती, तर सामान्य शिपायाच्या तोंडी तिची काही तद्भव नावे उरली असती. संस्कृत नाव पोथीत सापडते, दारूखान्यात सापडत नाही.

१८८४ मध्ये पोल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये धूरविरहित दारू सिद्ध केल्यावर मात्रेचे जुने ठोकताळे निरुपयोगी, किंबहुना घातक ठरले. काळ्या दारूत माप थोडे चुकले तरी बहुधा निभावत असे. नव्या दारूच्या निरनिराळ्या जाती समान आकारमानात अतिशय भिन्न दाब उत्पन्न करतात, म्हणून जुने माप नव्या दारूस लावणे म्हणजे नळी फोडणे. शिशात कथील व अँटिमनी मिसळून गोळी कठीण करण्याची गरजही वाढत्या दाबामुळेच अधिक जाणवली.

तरीही जुनी पद्धत अगदी लोपलेली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या रक्षणासाठी तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. कोकणात तिला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. दारू, गोळी व गज या तिन्हींचा संबंध सांगणारे हे नाव फारसीही नाही, पोर्तुगीजही नाही. परक्या विद्येची नावे परकी राहिली, पण ती विद्या हाताने करण्याच्या क्रियेस मराठीने आपला शब्द दिला.