औषधमात्रेची मापे आणि संक्षेप

औषधमात्रेची मापे आणि संक्षेप : औषध किती, कशाने मोजून आणि किती वेळा द्यायचे, हे चिठ्ठीवर नोंदवण्याची रीत. मात्रेला आकडा, एकक आणि वेळ ही तिन्ही लागतात. त्यांतले एक गळाले की आकडा बरोबर असूनही मात्रा चुकते, आणि चुकते ती थोडीथोडकी नव्हे, दहापट किंवा हजारपट.

महाराष्ट्रात वैद्य आणि सराफ यांची वजने पूर्वी एकच होती : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. (औषध तोलणारी गुंज स्वतः विषारी असते, हा यातला गमतीचा भाग.) इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा ठरला. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाने सोयीसाठी गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम आणि तोळा १२ ग्रॅम धरला, तर सराफकट्ट्यावर आज तोळा १० ग्रॅमचा आहे. जुन्या वहीतला ‘तोळाभर’ त्यामुळे कोणता, हे आधी विचारावे लागते. ग्रेन (६४.८ मिलिग्रॅम) हे ॲलोपॅथीचे जुने वजन. ॲस्पिरिनच्या गोळीचा ३२५ मिलिग्रॅम हा अडनिडा आकडा त्याचाच वारसा आहे. ती मुळात पाच ग्रेनची गोळी.

मेट्रिक मापांत दोनच पायऱ्या ध्यानात ठेवायच्या : १ ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी ०.०५ मिलिग्रॅमची असते. ‘मायक्रो’साठी वापरले जाणारे ग्रीक अक्षर घाईच्या हस्ताक्षरात ‘मिलि’च्या इंग्रजी अक्षरासारखे दिसते आणि मात्रा हजारपट होते. टक्क्यांत लिहिलेली द्रावणेही फसवतात. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, अर्थात १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. ‘एकास हजार’ ॲड्रेनलिनच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते, ‘एकास दहा हजार’मध्ये त्याचा दहावा भाग. दुसरा आकडा मोठा, पण औषध पातळ.

घरात गोंधळ होतो तो चमच्यावरून. औषधाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ मिलिलिटरचा. स्वयंपाकघरातले चहाचे, पोह्यांचे, वाढायचे चमचे या मापाला बांधलेले नाहीत. म्हणून बाटलीचे खुणा केलेले झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. तापासाठी मुलांना देण्याचे पॅरासिटामॉल पाहा. त्याचे थेंब-औषध १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असते, सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचे. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितले असतील तर थेंब-औषध दीड मिलिलिटर, सौम्य सिरप ६ आणि तीव्र सिरप ३ मिलिलिटर होते. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ ही आठवण बाटली बदलली की निरुपयोगी ठरते.

इन्सुलिनचे एकक ‘युनिट’. भारतात १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांच्या कुप्या मिळतात. त्यांच्या सिरिंजा वेगळ्या : ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० च्या कुपीतून लाल टोपीच्या सिरिंजेत ‘२०’च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या उतरते. उलट अदलाबदलीत वीसऐवजी आठच युनिट मिळतात.

सलाईनच्या साध्या संचात बहुधा २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो, मायक्रोड्रिप संचात ६० थेंबांचा. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे तर साध्या संचाने मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावे लागतात. मायक्रोड्रिपचे गणित सोपे : मिनिटाला जितके थेंब, तितके तासाला मिलिलिटर.

संक्षेपांचे मूळ लॅटिनमध्ये आहे. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. ‘एसओएस’चा जहाजाच्या संकटसंदेशाशी संबंध नाही; ‘गरज पडली तर’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. ओडी आपल्याकडे ‘रोज एकदा’, पण नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत ‘उजवा डोळा’. एचएस म्हणजे झोपताना. काहींनी तो ‘निम्म्या तीव्रतेचे’ असाही वाचला आहे. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये रुग्णालयांसाठी वर्ज्य संक्षेपांची यादी केली. तीत युनिटसाठीचे ‘यू’ अक्षर आहे, कारण आकड्याला चिकटले की ते शून्य वाटते आणि दहाचे शंभर होतात. पूर्णांकापुढचे दशांशशून्य (१.० चे १०) आणि दशांशचिन्हाआधी गाळलेले शून्य (.५ चे ५) हेही त्याच यादीत. इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसची यादी आणखी लांब असून ओडी, एचएस आणि आपल्या दवाखान्यांत सर्रास चालणारे ‘सीसी’ तीत आहेत. लिटरसाठी मोठे इंग्रजी अक्षर चालेल, हे १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने ठरवले, तेही छोटे अक्षर एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले. तो नियम नावाबद्दल आहे, मात्रेबद्दल नाही.

भारतातली १-०-१ ही सकाळ-दुपार-रात्रीची खूण लॅटिनपेक्षा कितीतरी बरी. निरक्षरालाही समजावता येते. मात्र आठवड्याच्या औषधाला ती अपुरी पडते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात; ते रोज घेतल्याने जगभर मृत्यू झाले आहेत. तिथे वाराचे नाव लिहावे : ‘फक्त रविवारी’.

देवनागरीचे स्वतःचे खड्डे निराळे. हाताने लिहिलेला १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, त्यामुळे एकाच चिठ्ठीत दोन्ही लिप्यांचे आकडे मिसळू नयेत. ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ यांत फरक वेलांटी आणि काना एवढाच. फोनवर सांगितलेले ‘पॉइंट पाच’ तर पलीकडे नुसते ‘पाच’ म्हणून पोहोचू शकते. मराठीत त्याला ‘अर्धा’ हा शब्द आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीचही आहेत, आणि त्यांत दशांशचिन्ह हरवण्याची सोयच नाही.