फडाचे नाव आणि ढोलकीवाला

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावर, लोहा तालुक्यातील माळेगावी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची जी यात्रा भरते, तिच्यात घोड्यांचे नि गाढवांचे बाजार मांडले जातात, वाघ्या-मुरळी जागरणे घालतात, भंडाऱ्याने वाटा पिवळ्या होतात. परंतु दिवस मावळून थंडी उतरू लागली, म्हणजे यात्रेकरूंचे पाय ज्या आवाजाच्या रोखाने आपोआप वळतात, तो आवाज तमाशाच्या राहुटीतील ढोलकीचा असतो.

ढोलकीवाल्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. फड ओळखला जातो तो मालकाच्या अथवा नाचणारणीच्या नावाने. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून पुढे आलेल्या विठाबाईंचे चरित्र योगीराज बागूल यांनी लिहिले, कलावंतिणीच्या मुलाची व्यथा किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये मांडली, ढोलकीवाल्याने स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त मराठीत दुर्मिळच. विलायतेत पाहावे, तर ‘पिंक फ्लॉइड’ या जगद्विख्यात रॉक बँडचा ड्रमर निक मेसन याने २००४ साली ‘इनसाइड आउट’ हे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९६५पासून त्या बँडमध्ये अखंड टिकून राहिलेला तोच एकटा. बाकीचे आले, गेले, भांडले. मंचाच्या मागे बसून त्याने आयुष्यभर सोबत्यांच्या पाठी पाहिल्या. आमचा ढोलकीवाला तर कमरेला ढोलकी बांधून नाचणारणीच्या समोर उभा राहतो, तिच्या पावलांवर नजर ठेवून तोडा टाकतो, आणि तिचा श्वास केव्हा तुटला हे प्रेक्षकांच्या आधी जाणतो. सांगण्यासारखे त्याच्यापाशी मेसनपेक्षा उणे असेल, असे मला वाटत नाही.

त्याच्या सोबतीच्या हलगीचा इतिहास तर अधिक जुना आणि अधिक कडू आहे. निजामाच्या अमदानीत सभा भरवावयाची म्हटली की ‘गश्ती निशाण ५३’ अन्वये सरकारची परवानगी लागे; परंतु त्याच सरकारचा हुकूम गावोगाव पोहोचे तो दवंडीच्या वाद्यातून. हलगी वाजविणे हे बहुशः मातंग समाजाकडे आलेले काम. लग्नाची वरात असो, पोळा असो की देवीची मिरवणूक, वाजविणाऱ्याने पुढे चालावे आणि मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावरचे बलुते पदरात घ्यावे, हा रिवाज. हे काम जातीच्या नावावर चाले. अमुक मनुष्याचा हात चांगला आहे, याला त्या हिशेबात जागा नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, पुढे बलुतेही सुटत गेले. पण जो हात गावकीत बिननावाचा होता, तो फडात येऊनही बहुधा बिननावाचाच राहिला.

तो हात काय करतो, हे एकदा जवळून पाहावे. मार्गशीर्षाच्या दवाने हलगीचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वादक ती जाळावर धरून शेकतो, बोटांनी टिचक्या मारून कानाने अजमावतो, जास्त तापली तर कातडे फाटेल हे जाणून नेमक्या क्षणी मागे घेतो. मग गणाच्या आधी ढोलकी-हलगीची अशी झड लागते की मागे राहिलेला बाजारकरी बैल सोडून धावत येतो.

या वादकाचा व्यवहार उचलीवर चालतो. हंगामाच्या आरंभी फडमालकाकडून उचल घ्यावयाची, यात्रांच्या सुपाऱ्या फिरून ती फेडावयाची, आणि बाकी राहिल्यास पुढच्या हंगामाला पुन्हा बांधून घ्यावयाचे. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; त्या शब्दाचा आणि या उचलीचा अर्थ वेगळा, पण ज्यांची नोंद दप्तरांनी केवळ गुन्हेगार म्हणून ठेवली होती त्यांच्यातूनही एवढे पुस्तक उभे राहिले, तेव्हा ढोलकीवाल्याला लेखणी अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

माळेगावच्या यात्रेत नांदेडची जिल्हा परिषद लावणी महोत्सव भरविते. त्या महोत्सवात येणाऱ्या प्रत्येक पथकातील ढोलकीवाल्याला आणि हलगीवाल्याला अर्धा दिवस बसवून घ्यावे, त्याचे नाव, गाव, गुरू, त्याने फिरलेले फड त्याच्याच तोंडून टिपून घ्यावेत, आणि वृद्ध वादकांपासून आरंभ करावा, एवढी विनंती आहे.