स्पॅनिशमधले वकील, न्यायाधीश आणि नोटरी



इथे अमेरिकेत आपली बरीच मुले शाळेत स्पॅनिश घेतात आणि गृहपाठाला बसली की "हा शब्द 'एल' का 'ला'?" असे विचारतात. स्पॅनिशमध्ये नामे दोनच लिंगांची: पुल्लिंगी नामाआधी 'एल', स्त्रीलिंगी नामाआधी 'ला'. या वेळी आम्ही कोर्टकचेरीतले शब्द घेतले आहेत.

१) शेवट बदलणारे: वकील पुरुष असेल तर 'एल आबोगादो', स्त्री असेल तर 'ला आबोगादा'. वरिष्ठ न्यायाधीशांसाठी 'माखिस्त्रादो' आणि 'माखिस्त्रादा'. आपल्या मुलगा-मुलगीसारखेच.

२) न बदलणारे: 'फिस्काल' (सरकारी वकील), 'तेस्तीगो' (साक्षीदार), 'इंतेर्प्रेते' (दुभाषी). इथे फक्त 'एल' किंवा 'ला' बदलायचे. 'ओ'ने संपतो म्हणून 'तेस्तीगा' करू नये. आपणही "साक्षीदार आला" आणि "साक्षीदार आली" असेच म्हणतो.

३) दोन्ही चालणारा: न्यायाधीश म्हणजे 'हुएस'. स्त्री न्यायाधीशाला 'ला हुएस' आणि 'ला हुएसा' ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. पूर्वी 'हुएसा' म्हणजे न्यायाधीशाची बायको असाही अर्थ होता, जशी आपली पाटलीणबाई. स्पेनमध्ये स्त्रियांना न्यायाधीश होण्याची वाट १९६६ च्या कायद्याने मोकळी झाली. क्लारा काम्पोआमोर मात्र १९२५ पासूनच माद्रिदमध्ये वकिली करत होत्या.

४) जपून वापरायचा: 'नोतारिओ', स्त्रीलिंगी 'नोतारिया'. ('नोतारीया' असा 'री' दीर्घ उच्चारला तर अर्थ होतो नोटरीचे कार्यालय!) स्पेन, मेक्सिको वगैरे देशांत नोतारिओ हा कायद्याचा पदवीधर, मोठ्या अधिकाराचा माणूस असतो. अमेरिकेतला नोटरी पब्लिक मुख्यतः ओळख पाहून सही साक्षांकित करतो. वकील नसेल तर त्याला कायद्याचा सल्ला देता येत नाही. पण 'नोतारिओ' अशी पाटी पाहून अनेक स्पॅनिशभाषक इमिग्रेशनचे अर्ज अशा लोकांच्या हाती देतात. पैसे जातात आणि चुकीच्या अर्जामुळे देश सोडण्याची वेळही येऊ शकते.

आपणही सावध राहावे. भारतात नोटरी सहसा अनुभवी वकीलच असतो, त्यामुळे नुकत्याच आलेल्या आपल्या माणसाचाही असाच गैरसमज होऊ शकतो. व्हिसा, ग्रीन कार्डाच्या सल्ल्यासाठी परवानाधारक वकीलच गाठावा आणि त्याचे नाव राज्याच्या बार असोसिएशनकडे किंवा कोर्टाच्या यादीत तपासून घ्यावे.

मुलांकडून हे शब्द म्हणून घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी!