द्विध्रुवी पट्टिका, कार्बन-बहुवारिक

इंधन-विद्युत् घटांच्या चळतीत लगतच्या दोन घटांना जोडणारी, ग्रॅफाइटाची पूड व रेझीन यांच्या संमिश्राची पट्टिका. एका घटापासून १ व्होल्टपेक्षाही कमी विद्युत् दाब मिळतो; म्हणून अनेक घट एकसरीत जोडतात. पट्टिकेच्या एका बाजूच्या खाचांतून हायड्रोजन व दुसऱ्या बाजूच्या खाचांतून हवा जाते आणि पट्टिकेतून वीज वाहते. अम्ल, उष्णता, ऑक्सिजन व विद्युत् दाब यांचा एकत्रित परिणाम होत असल्याने संक्षारणरोध (रासायनिक झिजेला होणारा विरोध) हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला.

इतिहास : विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये सल्फ्यूरिक अम्लात प्लॅटिनमाची विद्युत् अग्रे वापरून असा घट बनविला. प्लॅटिनम अम्लात टिकते, पण ते फार महाग असते. फॉस्फोरिक अम्ल घटात १९६५ च्या सुमारास विद्युत् अग्रांना टँटॅलमाच्या जाळीचा आधार देत. दशकभरात तिची जागा कार्बनाने घेतली. पट्टिका ग्रॅफाइट व फिनॉलिक रेझीन यांचे मिश्रण साच्यात दाबून करू लागले. मात्र सु. २००° से. तापमानाच्या अम्लात रेझिनापासून बनलेला भाग आधी झिजे. पट्टिका ९००° से.पर्यंत तापविणे पुरेसे ठरले नाही, २,७००° से.ला रेझिनाचेही ग्रॅफाइट होऊन संक्षारण-प्रवाह सु. शंभर पटींनी घटला. परंतु त्यामुळे खर्च वाढला.

कार्बन मुळात अविकारी नाही. हायड्रोजन अग्राच्या तुलनेत सु. ०·२ व्होल्टच्या वर त्याचे कार्बन डाय-ऑक्साइडात रूपांतर होऊ शकते. ही विक्रिया अतिशय मंद असल्यामुळेच तो टिकतो. घट सुरू वा बंद करताना काही भागांत दाब सु. १·५ व्होल्टपर्यंत चढतो व झीज वेगाने होते.

पटलयुक्त घट ६०°–८०° से.ला चालत असल्याने त्यांत व्हिनिल एस्टर, पॉलिप्रोपिलीन इ. बहुवारिके न जाळता बंधक म्हणून चालतात. ग्रॅफाइट वाढविल्यास संवाहकता वाढते, पण पट्टिका ठिसूळ होते व वायू झिरपण्याचा धोका वाढतो. बहुवारिक वाढविल्यास ती चिवट होते, परंतु रोध वाढतो.

महाराष्ट्रातील कार्य : अंबरनाथ (जि. ठाणे) येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक अम्ल घटांवर आधारित प्रणाली विकसित केली, तिच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. तिच्या चळतीत धातूच्या अतिशय पातळ पट्टिका होत्या व त्यांमुळे वजन बरेच घटले. धातूची पट्टिका हलकी व मजबूत असली, तरी तिच्यातून सुटणारे आयन पटलाला दूषित करतात. म्हणून तिला संरक्षक लेप द्यावा लागतो. वाहनात वजनाला, तर दीर्घकाळ चालणाऱ्या स्थिर संचात टिकाऊपणाला महत्त्व असल्याने दोन्ही प्रकारांचा विकास चालू आहे.