टिटॅनियम रोपण व शोथ

स्वीडनमधील लुंड येथे १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या अस्थीत बसविलेली टिटॅनियमाची उपकरणे अस्थीशी इतकी एकजीव झाली की, ती काढता येईनात. १९६५ मध्ये त्यांनी मानवी जबड्यात कृत्रिम दातांसाठी टिटॅनियमाची रोपणे केली. धातू निष्क्रिय असल्यानेच शरीर तो स्वीकारते, असे पूर्वी मानीत. तथापि रोपणाभोवती बृहद्भक्षी कोशिका जमतात व त्यांनी चालविलेला शोथ (दाह) लांबल्यास अस्थीऐवजी तंतुमय आवरण बनून रोपण सैल पडू शकते, असे पुढे दिसून आले. विद्युत् रासायनिक क्रियेने पृष्ठावर नॅनोमीटर श्रेणीतील व्यासाच्या नलिका निर्माण करता येतात. योग्य व्यासाच्या नलिकांवर या कोशिकांचे शोथकारक स्राव घटतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. त्यामुळे निष्क्रियतेऐवजी शोथाचे नियमन हे संशोधनाचे उद्दिष्ट झाले.