नऊ महिने नऊ दिवस आणि सोनोग्राफीची तारीख

‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब आपल्याकडे घरोघरी तोंडपाठ असतो. जर्मनीतील हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला नियम त्याच्या किती जवळचा आहे पाहा : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे सुमारे २८० दिवस मोजायचे.

वऱ्हाडात पाळीचा दिवस पुष्कळदा सणावरून सांगतात. ‘पोळ्याला आली होती’ असे उत्तर मिळाले तर हिशेब सोपा. २०२४चा पोळा २ सप्टेंबरला होता. म्हणजे बाळंतपणाची तारीख ९ जून २०२५. पण ‘पोळ्याच्या मागेपुढे’ म्हटले, की आठ-पंधरा दिवसांची चूक आलीच. शिवाय पाळी दर २८ दिवसांनी येते असे या नियमात गृहीत धरलेले आहे, आणि ते सर्वांना लागू पडत नाही.

ही चूक कमी करणारे साधन आले ते चक्क कारखान्यातून. धातूतील भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरीत. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलरच्या एका कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली त्यांनी त्या तपासल्या. १९५८ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी गर्भाच्या डोक्याची रुंदी मोजली, तर ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजण्याची रीत मांडली. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या अशा एका मोजणीवरून गर्भाचे वय सुमारे पाच दिवसांच्या फरकाने सांगता येते. (तारीख बिनचूक काढली तरी नेमकी त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाचच!)

अचूकता सुरुवातीलाच का? त्या काळात सगळे गर्भ जवळजवळ एकाच वेगाने, रोज एक-दीड मिलिमीटर, वाढतात. नंतर आईचे पोषण, आजार, आनुवंशिकता यांमुळे वाढ वेगवेगळी होते. पाचव्या महिन्यात फरक सात-दहा दिवसांवर जातो. शेवटच्या तीन महिन्यांत तो तीन आठवड्यांपर्यंत असू शकतो. यंत्र चुकत नाही. ते मोजते लांबी आणि रुंदी; वय आपण सरासरीच्या तक्त्यावरून ठरवतो.

वऱ्हाडात खरी अडचण इथेच आहे. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून ‘डफरीन’ म्हणतात, अकोल्याच्या रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. मेळघाटात धारणीहून निघून, घाट उतरून, परतवाड्यावरून डफरीनला पोचायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बाई येते ती आठव्या महिन्यात. पाळीची तारीख आठवत नाही, आणि गर्भ दिसतो सात महिन्यांएवढा. आता तो खरोखर सात महिन्यांचा, की आठ महिन्यांचा पण उपाशी राहिलेला? तक्ता ‘सात’ म्हणतो. आपण ते मान्य करून तारीख महिनाभर पुढे ढकलली, तर कुपोषण त्या आकड्यात लपून जाते. जन्मल्यावर दोन किलोच्या बाळाला ‘लवकर जन्मलेले’ म्हणायचे की ‘वाढ खुंटलेले’, हेही मग कळत नाही. दोघांचे धोके मात्र वेगळे असतात.

याच यंत्राचा गैरवापर गर्भलिंग ओळखण्यासाठी झाला, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा आला. ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख कार्डावर एकदा लिहिली, की नंतरच्या तपासणीवरून डॉक्टर ती बदलत नाहीत. पुढे गर्भ त्या तारखेच्या मानाने लहान दिसला, तर आधी आईचे वजन, रक्त आणि रक्तदाब पाहतात.